चौऱ्याहत्तर मिनिटांची तबकडी

काही वस्तूंचं नशीबच असं असतं की त्या जन्माला येतात, चांगल्या गुणी निघतात आणि तरीही त्यांना कोणी ओळखत नाही. मिनीडिस्क ही त्या जातीची वस्तू. ग्रामोफोन आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिला. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर तर घरोघरी नांदले. वॉकमन १९७९ साली निघाला आणि तो कमरेला अडकवून हिंडण्यात एका पिढीचं तारुण्य गेलं. पुढे सीडी आली आणि गेलीही. या साऱ्या गर्दीत १९९२ साली सोनी कंपनीने एक छोटी चौकोनी डबी बाजारात आणली. जपानात ती खूप चालली, विलायतेत बऱ्यापैकी रुळली. आपल्या किनाऱ्याला मात्र लागता लागता राहिली. पनवेलमध्ये तर माझ्याखेरीज तिचा दुसरा मालक मला आजवर भेटलेला नाही. असेलही एखादा, पण तोही माझ्यासारखाच गप्प बसून असणार. कारण ‘मिनीडिस्क’ म्हटल्यावर ती समोरच्याला समजावून सांगण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दोन गाणी ऐकून होतात.

तरी आता सांगायला बसलोच आहे, तर थोडं सांगतो.

ही तबकडी अवघी ६४ मिलिमीटर व्यासाची. ती उघडी कधीच नसते. प्लॅस्टिकच्या खोळीत कायमची बंद, आणि खोळीला पत्र्याचं सरकतं दार. यंत्रात घातली की दार आपोआप सरकतं, बाहेर काढली की मिटतं. त्यामुळे सीडीप्रमाणे ती सदऱ्याला पुसत बसावं लागत नाही. खरी गंमत आहे ती ध्वनिमुद्रणाची. खालून लेसरचा किरण तबकडीवरचा एक अतिसूक्ष्म ठिपका १८० अंशांच्या आसपास तापवतो. इतकं तापल्यावर त्या ठिपक्याची चुंबकत्वावरची पकड सुटते, आणि नेमक्या त्या क्षणी वरून एक चुंबक त्याला सांगतो : तोंड इकडे कर, किंवा तिकडे कर. ठिपका निवला की ते तोंड तसंच राहतं, पुन्हा कोणी तापवीपर्यंत. उजेड आणि लोहचुंबक यांचा असा संसार मी दुसऱ्या कुठल्या घरगुती वस्तूत पाहिलेला नाही.

एवढ्याशा जागेत ७४ मिनिटं मावतात कशी? तर माणसाच्या कानाला ऐकू येणार नाहीत असे आवाज यंत्र गाळून टाकतं. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज आपल्याला कळत नाही, या अनुभवावर हा सगळा हिशेब बसवला आहे, आणि त्यामुळे सीडीवरचा मजकूर सुमारे पाचव्या हिश्शात बसतो. काय गाळायचं हे ठरवणारे अभियंते आमच्याकडच्या लग्नघरात कधी येऊन बसले नसणार, एवढीच माझी त्यावर बारीकशी हरकत आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती अनुक्रमणिकेची. तबकडीच्या आतल्या कडेला यंत्र एक यादी ठेवतं : पहिलं गाणं इथून तिथपर्यंत, दुसरं तिथून पुढे. ही यादी मुद्रण चालू असताना लिहिली जात नाही. सारं आटोपलं, बटण दाबून यंत्र थांबवलं, की मग ते काही सेकंद घरघरतं आणि यादी लिहून मोकळं होतं. गाणं पुसायचं झालं तरी यंत्र गाण्याला हात लावत नाही. नुसतं यादीतलं नाव काढतं. त्या जागेवर दुसरं काही उमटेपर्यंत गाणं तिथेच पडून असतं. फक्त त्याला पत्ता उरत नाही.

माझं यंत्र माझ्या मामाने आणलं. मामा व्यापारी बोटीवर खलाशी होता. बोटीवरून माणूस घरी आला की त्याच्या बॅगेतून सेंटच्या बाटल्या, चॉकलेटं आणि एखादा कॅमेरा निघणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. २००० साली बोट योकोहामाला लागली तेव्हा मामाने मात्र हे यंत्र घेतलं, सोबत एक छोटा माईक आणि डझनभर कोऱ्या तबकड्या. घरात कोणालाच त्याचं कौतुक वाटलं नाही. एवढ्या पैशांत रंगीत टीव्ही आला असता, असं मामीने सर्वांदेखत सांगितलं. मामा हसला. त्याच्या डोक्यात आजी होती.

माझी आजी, म्हणजे आईची आई, धवलारीण होती. पनवेल-उरणकडच्या वाचकांना धवलारीण कोण हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आगरी लग्नात तिचा मान मोठा. लग्नाचे विधी तिच्या गाण्याच्या बरोबरीने पुढे सरकतात. देवांना आवतण द्यायचं, मांडवाचं, हळदीचं असं ज्या त्या विधीचं गाणं निराळं, त्याला धवला म्हणतात. आजीला अक्षरओळख नव्हती. वही नाही, टिपण नाही. सारं तोंडपाठ, तिच्या आधीच्या धवलारणीकडून ऐकून उचललेलं. मामा वर्षातले नऊ महिने समुद्रावर. तिथे त्याला म्हणे आईचा आवाज कानाशी हवा असायचा. कॅसेट खाऱ्या हवेत खराब होते, अशी त्याची तक्रार होती.

२००१ च्या मे महिन्यात मावशीच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मावशी गावातच दिलेली. गाव चिंचपाडा, पनवेलपासून हाकेच्या अंतरावर. हळदीच्या रात्री मामाने माईक मांडवाच्या खांबाला बांधला आणि यंत्र मांडीवर घेऊन तो बसून राहिला. आजी आणि तिच्या साथीच्या दोघी तिघी गात होत्या. मध्ये चहा, मध्ये तंबाखू, मध्ये कोणाचं तरी रुसणं. चार तबकड्या झाल्या. पहिल्या तीन उत्तम उतरल्या. चौथी चालू असताना, अगदी उजाडायच्या वेळी, यंत्रातला पेन्सिल सेल संपला. पडदा एकदम कोरा झाला. नवा सेल घालून पाहिलं तर यंत्राने इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द दाखवले, ‘ब्लँक डिस्क’. म्हणजे कोरी तबकडी. यादी लिहायची राहून गेली होती.

मामाने ती तबकडी फेकली नाही, की तिच्यावर दुसरं काही भरलंही नाही. खोळीवर पेनाने ‘४’ असा आकडा टाकला आणि ती इतर तिघींबरोबर ठेवून दिली. पावसाळ्यात तो बोटीवर परत गेला तेव्हा यंत्र आणि तबकड्या माझ्या हवाली करून गेला. “तू कॉलेजात जातोस, तुला समजेल,” म्हणाला. तोवर त्याने तिन्ही तबकड्यांवरून स्वतःपुरत्या दोन कॅसेटी भरून घेतल्याच होत्या, खारी हवा काहीही करो.

पुढची काही वर्षं ते यंत्र माझ्या खिशात राहिलं. पनवेलला लोकल आली १९९८ साली; मी नोकरीसाठी तिच्यातून मुंबईला जाऊ लागलो. पनवेलहून सीएसटीला साधारण ऐंशी मिनिटं लागत आणि तबकडी चौऱ्याहत्तरची. खांदेश्वर मागे पडलं की कळ दाबायची. सँडहर्स्ट रोड, मशीद करता करता तबकडी संपायची. वाशीच्या खाडीपुलावर गाडीने कितीही हिसके दिले तरी गाणं तुटत नसे, कारण यंत्र चाळीसेक सेकंदांचं गाणं आगाऊ वाचून पोटात ठेवतं. कोऱ्या तबकड्या मिळवणं हा मात्र वनवास. मनीष मार्केट झालं, लॅमिंग्टन रोड झाला. दुकानदार आधी छोटी सीडी पुढे करत, मग फ्लॉपी, आणि शेवटी माझ्याकडे संशयाने पाहत. त्यामुळे डझनभरातल्या उरलेल्या आठ तबकड्यांवरच मी वर्षानुवर्षं गाणी भरली, पुसली आणि पुन्हा भरली. गाण्यांना नावं देण्याची सोय होती, पण देवनागरीत नाही. रोमन अक्षरं किंवा जपानी. किशोरी आमोणकरांचा भूप मी रोमन अक्षरांत एकेक बटण दाबून लिहिला आहे. आजीच्या तबकड्यांना मात्र मी नावं घातली नाहीत. त्या पेटीतच असत.

आजी २००६ साली गेली. तिच्या साथीच्या बायकाही एकेक करून गेल्या. मग गाव गेलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांत चिंचपाडा एक. कोपर, कोल्ही, उलवे, तरघर ही आणखी काही. २०१८ च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि माणसं वडघर, करंजाडे, उलवे अशा वसाहतींत विखुरली. मावशीचं घर आता वडघरला आहे, चांगलं पक्कं, गच्चीचं. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. गच्चीत उभं राहिलं की ती दिसतात. मावशी त्यांच्याकडे बघत नाही, असं मी म्हणणार नाही. बघते, आणि कोणतं कुठे चाललं असेल तेही विचारते.

दरम्यान मिनीडिस्कही यादीतून निघाली. सोनीने खिशातली यंत्रं २०११ मध्ये थांबवली, राहिलेली २०१३ मध्ये, आणि कोऱ्या तबकड्या बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केलं. माझं यंत्र अजून वाजतं, पण झाकणाची बिजागरी सैल झाली आहे आणि दुरुस्तीवाल्यांना ते दाखवलं की ते आपसांतच एकमेकांना बोलावून दाखवतात.

मध्यंतरी २००१ च्या त्या नवरीची मुलगी लग्नाची झाली. हळदीला डीजे ठरला होता. डीजेबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या गाण्यांवर मीही नाचतो. पण पोरीने मला फोन करून विचारलं, “मामा, पणजीचे धवले तुमच्याकडे आहेत ना? हळद लावताना तेवढा वेळ तेच वाजवायचे.”

माझ्या यंत्राला संगणकाची तार लावायची सोय नाही. इअरफोनच्या भोकातून संगणकात आवाज घ्यायचा, एवढाच मार्ग. आणि ७४ मिनिटांची तबकडी उतरवायला ७४ मिनिटंच लागतात. फोनमध्ये हजार गाणी एका दमात कोंबायची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं. मी तीन संध्याकाळी बसलो. उठून जावं म्हटलं तर यंत्राचा भरवसा नाही. तेव्हा ऐकणं आलंच, आणि कित्येक वर्षांनी आजीचे धवले मी सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी उचलते, आणि ओळ मध्ये कुठेही पडत नाही. हे लग्नघरातल्या गोंगाटात मला कधी कळलं नव्हतं.

तिसरी उतरली तेव्हा चौथीचा प्रश्न उभा राहिला. पहाटेचे धवले कोणते, हे मावशीलाही पुरतं आठवेना. सुरुवात आठवे आणि पुढे ती नुसती गुणगुणत राही.

या तबकडीच्या शौकिनांनी एक युक्ती शोधून ठेवली आहे. दुसऱ्या तबकडीवर आरंभापासून अखेरपर्यंत ७४ मिनिटं नुसती शांतता मुद्रित करायची. तिची यादी मग म्हणते : गाणं एकच, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या गाण्याला एखादं नाव द्यायचं, म्हणजे यंत्राला यादी नव्याने लिहिणं भाग पडतं. आणि ते लिहायला बसण्याआधी, झाकण उघडल्याचं त्याला कळू न देता, आतली तबकडी बदलायची. यंत्र बिचारं विश्वासाने यादी लिहून टाकतं, दुसऱ्याच तबकडीवर. झाकणाखाली एक नखाएवढा खटका असतो, तो चिकटपट्टीने दाबून ठेवला की झाले यंत्राचे डोळे बंद.

हे सांगायला सोपं. यंत्र एकच, झाकण सैल, आणि आत बोट घालायचं म्हणजे लेसरच्या भिंगाशी खेळ. पहिल्या तीन तबकड्या संगणकात उतरल्या होत्या म्हणूनच मला धीर झाला. किशोरीताईंच्या तबकडीवर ती युक्ती तीनदा करून पाहिली, त्यात दोनदा जमली. मग एका रविवारी दुपारी चौथी घातली. यंत्र घरघरलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पडद्यावर आलं : गाणं एक, मिनिटं चौऱ्याहत्तर.

कळ दाबली. आधी बांगड्या, मग कोणीतरी चहा मागितला, मग आजी खोकली. आणि सुरू झाली.

एकेचाळीस मिनिटं होती. पुढे यंत्र अडखळलं, कारण तिथे खरोखरच काही नव्हतं. एकेचाळीसाव्या मिनिटाच्या जरा आधी गाणं थांबतं आणि आजी मामाला विचारते, “माजा आवाज या डबीन बसला काय रं?” डबीन म्हणजे डबीत. मामा काहीतरी उत्तर देतो, ते नीट लागत नाही; तेवढ्यात सेल संपला असावा.

मावशीला ऐकवायला मी ते वडघरला घेऊन गेलो. पहाटेचे धवले ती लक्ष देऊन ऐकेल असं मला वाटलं होतं. पण तिने मध्येच हात वर केला आणि मला मागे न्यायला लावलं. गाण्याच्या मागे कुठेतरी एक कुत्रा भुंकत होता, आणि त्याच्याही मागे, अगदी बारीक, लोखंड लोखंडावर घासल्यासारखं काहीतरी. अभियंत्यांच्या हिशेबाने तो आवाज गाळायलाच हवा होता. कसा राहिला कोण जाणे.

“विहिरीवरची कप्पी,” मावशी म्हणाली. “एवढ्या पहाटेची कोण गेली पाण्याला?” आणि बोटांवर एकेक घर मोजत ती शेजारणींची नावं घेऊ लागली.