पायांकडून वर

कार्तिक लागला की पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळांत चुलवाणे पेटतात आणि काहिलीतल्या रसाचा गोड, जरासा करपट वास पहाटेच्या वाऱ्यावर पेठेपर्यंत येतो. त्या वासात घुंगरू बांधायला बसते. शहाबादी फरशी गार पडलेली असते, पितळ त्याहून गार. दोरीचा पहिला वेढा घोट्यावर पडला की अंगभर शिरशिरी जाते, पुढच्या वेढ्यांना पितळ अंगाची ऊब घेऊ लागते, आणि शेवटची गाठ आवळेपर्यंत कळेनासे होते, की वजन पायाला बांधले आहे की पाय वजनाला. कथकच्या ‘विशारद’ची परीक्षा आता तोंडावर आली आहे.

गल्लीच्या टोकाला तालीम आहे. तिथल्या पोरांच्या जोर-बैठका माझ्या आधी सुरू झालेल्या असतात. हळद, तेल, ताक मुरलेली ती लाल माती, तिच्यावर पडणारे भारी देह, आणि इकडे फरशीवर माझी अनवाणी टाच. त्यांचा धप्प आवाज जमिनीत जिरतो, माझा फरशीवरून उसळून भिंतींना भिडतो. तरी पहाटेच्या त्या घटकेला दोन्ही आवाज एकाच कष्टाचे वाटतात. या गावाला घाम नवा नाही.

ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन. चौगुनीत एक क्षण असा येतो, की पायांना सांगणारे कुणी उरत नाही. घुंगरांचा गलका एकसंध होतो, अंग कमरेपासून वर अगदी स्थिर राहते, आणि खाली पावलांचा पाऊस पडत असतो. मला शिकवणाऱ्या ताई तबल्याच्या बाजूला मांडी घालून बसलेल्या असतात. त्या ‘वा’ म्हणत नाहीत. सम चुकली तर फक्त डोळे मिटतात. त्या मिटलेल्या डोळ्यांची मला जितकी भीती वाटते, तितकी परीक्षकांची वाटत नाही.

दुपार वहीची. तोडे, परण, तिहाया ताललिपीत लिहून काढायच्या. मात्रांचे खण पाडायचे, सम-खालीच्या खुणा करायच्या. पायांना जे सहज येते ते कागदावर उतरताना अडखळते. धमाराच्या चौदा मात्रांतली ती रिकामी मात्रा, ‘धा’नंतरचा तो अवग्रह, नाचताना नुसता श्वास असतो, वहीत त्याला अख्खा खण द्यावा लागतो. मग पढंत. पाय थांबवून, हाताने ताल देत, सगळी रचना तोंडाने म्हणायची. नाचताना अंग सांभाळून घेते, चेहरा झाकून घेतो. पढंतीत झाकायला काही नसते. मला पढंत आवडते. त्या उघडेपणासाठीच आवडते.

याच दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव येतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत येतो, गरुड मंडपातून सरकत, उंबरे ओलांडत गाभाऱ्यात पोचतो. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. लहानपणापासून आजीचा हात धरून मी त्या गर्दीत उभी राहत आले. तेव्हा मला फक्त तिसरा दिवस हवा असायचा. चेहरा उजळायचा तो दिवस. पहिल्या दिवशी काय पाहायचे, नुसती पावले?

यंदा पहिल्या दिवशी गेले आणि तिथून हलवेना. दगडी फरशीवरून तो तांबूस पट्टा पुढे येत होता. त्याला घाई नव्हती. माणसे श्वास धरून होती, कुणाच्या तरी ओटीतल्या नारळाला मोगऱ्याची वेणी अडकलेली, कापराचा वास, मागे महाद्वार रोडचे हॉर्न. आणि मग तो उजेड पायांशी आला, टेकला, थांबला. एवढेच. सूर्य खाली गेला. आज याहून वर चढायचे नव्हते. कधी ढग असतात, कधी हवेत ओल असते, कधी वाटेतली बांधकामे आडवी येतात, आणि तिसऱ्या दिवशीही किरणे वर पोचत नाहीत. तरी लोक येतात. पावलांवर टेकलेल्या उजेडालाही हात जोडतात.

मला माझी सगळी वर्षे त्या पट्ट्यात दिसली. प्रारंभिकेत फक्त तत्कार होता. प्रवेशिकेत हात आले, मध्यमेत कंबर, खांदे, मनगटाची वळणे, थाटातला तो ठहराव. नाच माझ्या अंगात खालून वर चढत आला आहे, फार सावकाश, आणि आता विशारदच्या उंबऱ्यावर तो गळ्यापाशी येऊन थबकला आहे.

चेहरा अजून उरला आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नरसोबाच्या वाडीच्या पैलतीराला कुरुंदवाड आहे. ज्यांच्या परंपरेतून माझी ही परीक्षा आली, ते विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली तिथे जन्मले. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या दारूकामात मुलाचे डोळे भाजले आणि पुस्तकाची वाट बंद झाली, म्हणून तो मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाण्याला गेला. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, आणि १९३१ साली पलुसकर गेल्यावर शिष्यांनी उभे केलेले मंडळ. त्याच मंडळाच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात. मी वहीत खण पाडत असते तेव्हा त्या मुलाचा विचार येतो. सणाची रात्र, आभाळभर फुललेले बाण, नदीत उतरलेली त्यांची प्रतिबिंबे, आणि मग अंधुक झालेले जग, ज्यात फक्त सूर तेवढे स्पष्ट.

वाडीला मी कीर्तन ऐकले आहे. बुवा एका जागी उभे. उपरणे या खांद्यावर असताना ते दुर्योधन, त्या खांद्यावर घेतले की विदुर, आणि डोक्यावरून ओढले की द्रौपदी. कपडे बदलायला कुणी आत जात नव्हते. आमच्या गतभावात हेच असते, उपरण्याऐवजी पलटा. एक गिरकी घ्यायची आणि दुसरे कुणी होऊन उभे राहायचे. परीक्षेला मी द्रौपदी वस्त्रहरण बसवले आहे. फासे टाकणारा शकुनी जमतो, मांडीवर थाप मारणारा दुर्योधन जमतो, दुःशासनाचे ओढणारे हात तर फारच जमतात. द्रौपदीपाशी येऊन मी रिकामी होते. हात वर जातात, मान मागे पडते, डोळे योग्य त्या कोनात भरून येतात, आणि ताई म्हणतात, “दिसतंय सगळं. होत नाही गं काही.”

रागावून म्हणत नाहीत. म्हणूनच ते दिवसभर सोबत राहते.

संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी पिळतात तिथून जाते. फेसाळ, कोमट दुधाचा पेला दोन्ही तळहातांत धरून उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत. मग पाय आपोआप खासबागेकडे वळतात. मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधवले, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडले. ज्यांचे नाव पुढे त्याला मिळाले, त्या केशवरावांनी कोवळ्या वयात ‘शारदा’ रंगवली होती, म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली पोर. त्या मुलाच्या चेहऱ्यावर ती पोर कुठून आली असेल? कुणी कोन सांगितले असतील मानेचे?

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लहानपणी याच मंचावर मी पहिल्यांदा उजेडात उभी राहिले होते. विंगेतल्या काळ्या पडद्याचा धुळकट वास, फळ्यांतून तळव्यांना लागणारी पोकळी, पुढे काहीच न दिसणारा अंधार आणि त्यातून येणारी खोकल्याची उबळ, हे सगळे मला अजून पाठ आहे. त्या रात्री रस्त्यावर माणसे उभी होती. नट होते, पडदे ओढणारे होते, कधीतरी एखाद्या नाटकाला येऊन बसलेले होते. छपरातून ज्वाळा वर जात होत्या आणि त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पाण्याने चमकत होते. माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता, छातीशी, जणू कुणी तो ओढून नेणार होते.

काल द्रौपदी करताना हात वर नेण्याआधी माझ्या मुठी आपसूक छातीशी आल्या. मान मागे पडली नाही. डोळ्यांत पाणी आले की नाही ते मला माहीत नाही. ताईंनी ठेका सोडला नाही, फक्त लय जराशी खाली आणली आणि मला वेळ दिला.

रविवारी बारक्या पोरी येतात. त्यांना ताई आता माझ्याकडे सोपवतात. विशारद झाल्यावर हा वर्ग बहुधा माझाच होईल. त्यांना पहिल्याच दिवशी भुवया उडवायच्या असतात, गिरक्या घ्यायच्या असतात. मी त्यांना ओळीने उभे करते, आणि त्यांच्या विस्कळीत तत्कारात, एकीचा उजवा दुसरीच्या डाव्यावर पडत असताना, मोठ्याने मात्रा मोजते. या रविवारी झपताल काढायचा आहे. दोन, तीन, दोन, तीन. त्याआधी रात्री बसून मला धमार एकदा पूर्ण लिहून काढायला हवा, चौगुनीसकट.