लिस्तोपाद

पोलिश भाषेत नोव्हेंबरला ‘लिस्तोपाद’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : पानं पडतात तो महिना. सध्या मी जी पोलिश कादंबरी मराठीत आणते आहे, तिच्यातली आजी लिस्तोपादमध्ये जाते. संपादकांनी समासात लिहिलं, ‘कार्तिक करू या का?’

मला पटलं नाही. कार्तिक म्हटलं की तुळशीचं लग्न आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या आठवतात. (१ नोव्हेंबरला पोलंडमध्येही लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात, तेवढ्यापुरता कार्तिक चालला असता.) मग मी ‘पानगळ’ लिहून पाहिलं, तर तो शब्द जास्तच फसवा निघाला.

माझं लहानपण चंद्रपूरकडचं. तिथलं पानझडी जंगल उन्हाळ्याच्या तोंडावर उघडं पडतं, जमिनीतलं पाणी आटतं म्हणून. साग खराट्यासारखा होतो आणि त्याच दिवसांत पळस, सावर, पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलतात. आमची पानगळ रखरखीत खरी, पण तिच्यात उजेड मावत नाही. कादंबरी घडते पोलंड-बेलारूस सीमेवरच्या ब्यावोव्येझाच्या जंगलात. तिथे दिवस आखडू लागले की झाड पानांतलं हरितद्रव्य मोडतं, नत्र परत खोडाकडे ओढून घेतं, देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटतं. मग लांबलचक काळोखे महिने. जे पक्ष्याने ओकची फळं जमिनीत पुरून ठेवलेली असतात, साळूसारखा छोटा हेजहॉग पानांच्या ढिगात झोपून जातो. एप्रिलमध्ये आधी डोळ्यांत भरते ती जमीन. ओक आणि हॉर्नबीमची पानं पसरून सावली होण्याच्या आत पांढऱ्या अ‍ॅनिमोनना आपलं फुलणं उरकायचं असतं.

(ओकचं दुखणं वेगळंच. मराठी वाचकाला ‘ओक’ म्हटलं की झाडाआधी आडनाव आठवतं.)

आजी जन्मली त्या सुमारास, पहिल्या महायुद्धात आणि त्याच्या मागोमाग, या जंगलातला रानटी बायसन शिकारीने संपला. प्राणिसंग्रहालयांत थोडे उरले होते. आजचे सगळे युरोपीय बायसन अवघ्या १२ जनावरांचे वंशज आहेत. १९५२ मध्ये त्यांतले काही पुन्हा या जंगलात मोकळे सोडले गेले. आजी ते पाहते, आणि कादंबरीभर त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. अशा बाईचं मरण पळसाच्या उजेडात नेऊन ठेवायला माझा हात धजेना.

आपले महिने आभाळावरून आले : चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक. पोलिश लोकांनी बरेचसे जमिनीवरून घेतले. जून म्हणजे ‘चेर्व्येत्स’, हे नाव लाल रंग देणाऱ्या एका किड्याचं. पूर्वी त्याच दिवसांत तो वनस्पतींच्या मुळांवरून गोळा करत. हे वाचलं तेव्हा मी टेबलावरून उठलेच. जूनमध्ये मृग लागला की आमच्या शेतात मखमली लाल मृगाचा किडा निघायचा, आणि आम्ही मुलं तो काड्यापेटीत घालून घरी न्यायचो. मृग आभाळातलाच, पण तो लागल्याची खूण आम्ही मातीत शोधायचो. म्हणजे ही सवय आपल्याला अगदीच परकी नाही.

तेव्हा ‘लिस्तोपाद’ तसाच ठेवला. त्या वाक्यात धुकं आणि ओल्या पानांचा वास मूळचाच आहे; मी फक्त तो शब्द त्यांच्या शेजारी सरकवला. संपादकांचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता पुढ्यात जुलै आहे, ‘लिप्येत्स’. लिपा नावाचं झाड त्या महिन्यात फुलतं आणि मधमाश्यांनी घोंगावतं. इंग्रजी अनुवाद मी शेजारी ठेवते, त्यात त्याला ‘लाइम’ म्हटलं आहे. तोच शब्द उचलला, तर माझा वाचक पोलंडमध्ये लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसेल.