घरातले आभाळ

देशांतराला निघालेला मनुष्य घर पाठीवर बांधून नेत नाही. घराची रीत मात्र मनात घेऊन जातो. मलेशियातील पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाऊनमध्ये हिंडताना हे मला पावलोपावली जाणवत होते. फूच्यान आणि क्वांगतुंग या दक्षिण चीनच्या प्रांतांतून आलेल्या लोकांनी तेथे घरे बांधली; पण त्यांचा दर्शनी भाग पाहावा, तर तो धड चिनी नाही. भिंतीवर युरोपीय धाटणीची गिलाव्याची फुले, ओसरीला इंग्लंडहून आणलेल्या फरश्या, बाहेरचे अर्धे दार मलायी धर्तीचे. घरापुढची सलग ‘पाच फुटी’ ओसरी तर मुळात सरकारी हुकमाची. १८२२ साली रॅफल्सने सिंगापूरच्या आखणीत तो नियम घातला आणि पुढे ती रीत इकडेही रुजली.

उंबरठा ओलांडला की मात्र घर स्वतःच्या भाषेत बोलू लागते. आधी देवतांचे दालन, पुढे पूर्वजांचे, आणि मध्ये उघडा चौक. अरुंद, लांबोडक्या घराला उजेड आणि वारा तेथूनच मिळतो. पाऊसही तेथेच पडतो, आणि घरात आलेले पाणी म्हणजे घरात आलेले धन, अशी त्यांची श्रद्धा. गरज आणि श्रद्धा एकाच पागोळीतून गळताना पाहून मला मोठे कौतुक वाटले.

च्योंग फाट झे या धनिकाच्या निळ्या वाड्यात ३८ खोल्या आणि ५ चौक आहेत. तेथले ओतीव लोखंड स्कॉटलंडचे, तर भिंतींची नीळ आपल्या हिंदुस्थानची. चेहऱ्यासाठी त्याने अवघे जग धुंडाळले. चौक मात्र मायदेशाचाच ठेवला.

१९९७ साली तेथला भाडेनियंत्रणाचा कायदा रद्द झाला आणि १९९९ अखेर त्याचा आधार सरला. पिढ्यान् पिढ्या राहिलेली कितीतरी बिऱ्हाडे हलली. २००८ साली नगराला जागतिक वारशाचा मान मिळाला. मग अनेक घरांची खानावळी आणि पांथनिवास झाले. परक्यांकडून घेतलेल्या चेहऱ्याची डागडुजी आता निगुतीने होते. पण चौक ही काही नुसती वास्तूची रचना नव्हे. पावसाची सर आली की वाळत घातलेले कपडे उचलायला धावणारे कोणी तरी त्याला लागते. अशा एका पांथनिवासात मी सर पडताना पाहिली. पाणी नेमके जुन्या वाटेने वाहत होते, आणि आम्ही पाहुणे त्याची छायाचित्रे घेत होतो.