संगमाकाठची चैत्रा

कावेरी-कपिलेच्या संगमामुळे टी. नरसीपूर भाविकांना ठाऊक. याच तालुक्यातल्या कुरुबूरची बी. चैत्रा ही शेतकऱ्याची मुलगी. 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत भारताने नेपाळला 78-40 असे हरवून महिलांचा पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरली चैत्रा. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना 2.25 कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली, कर्नाटकाने 5 लाख. चैत्राने ते नाकारले.

नॉर्वेची मारिट ब्योर्गेन बर्फावर 15 ऑलिंपिक पदके मिळवून 2018 मध्ये निवृत्त झाली. खो-खोला अजून ऑलिंपिकचे दार उघडलेले नाही. मग मुलीला मैदानावर धाडणाऱ्या आईबापांनी विचारलेच, की पाय थकल्यावर पोरीने काय करायचे, तर त्यात त्यांचे काय चुकले?