चालतंय ना!

गाडी घ्यायची तर सेडानच, हे माझं कॉलेजपासून ठरलेलं होतं. ऐसपैस डिकी, मागच्या सीटवर निवांत आई-बाबा आणि स्टिअरिंगवर साक्षात मी! फक्त फ्रीलान्स पत्रकाराच्या बजेटमध्ये नवी सेडान बसत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम. मग २०२३च्या मार्चमध्ये २०१३चं मॉडेल घेतलं. पेट्रोल, मीटरवर ८८ हजार किलोमीटर, किंमत एक लाख ९० हजार. त्यातले एक लाख बाबांनी एफडी मोडून दिले. बाबा पोस्टातून रिटायर झालेले. पैसे देताना एवढंच म्हणाले, "खर्च लिहून ठेवत जा."

टेस्ट ड्राइव्हला गाडी सॉलिड पळाली होती. पॉलिश चकाचक, सीट कव्हर कोरी करकरीत, आरशाला लटकणारा छोटा गणपती. मी लगेच फिदा! बॉनेट उघडलं, पण आत नेमकं काय बघायचं असतं ते मला कुठे माहीत होतं? लग्नात मुलाकडच्यांनी पत्रिका बघावी तशी गंभीरपणे मान डोलावली आणि बॉनेट बंद केलं.

पहिल्याच महिन्यात स्पीडब्रेकरवर पुढून खडखड सुरू झाली. गॅरेजवाल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून दाखवलं. लोअर आर्मचे बुश फाटलेले, लिंक रॉड ढिले, शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय. बिल ११,४००. मग ते टायरकडे वळले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, बघितलेत कधी? पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर होतं २३१७. म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा! नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन चिरलं होतं. चार टायर, १९,२००. पावसाळ्यात बॅटरी गेली, ५,२००. दिवाळीनंतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र जागच्या जागी. क्लच प्लेट. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो म्हणून मजुरीही जबरी. १०,८००. उन्हाळ्याच्या तोंडावर एसी गार हवा देईना. डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल बदलली, १४,५००.

वर्षभरात ६१,१००. आणि बाबांनी विचारलं की मी काय सांगायचे? "अहो, सतरा-अठरा हजार झाले असतील." बिलं माझ्या कपाटात, ओढण्यांच्या खाली.

का खोटं बोलले? कारण 'नोकरी धर' हे वाक्य घरात कुणी बोलत नव्हतं, पण ते दारामागे कायम उभं असायचं. गाडी हा माझ्या फ्रीलान्सिंगचा पुरावा होता ना! ती तोट्यात आहे म्हटलं की मीही तोट्यात.

एप्रिलमध्ये गॅरेजवाले काका म्हणाले, "ताई, रेडिएटरचा होज फुगलाय. बदलून घ्या, ९०० रुपये." एका मासिकाचा चेक तीन महिने अडकला होता. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू. आत्ता चालतंय ना?" काका म्हणाले, "चालतंय. तोवर चालतंय."

२०२४च्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. मावशीकडे मुंज होती. साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा फक्त येताना मिळायचा. पुढे ट्रकची रांग, दुपारचा एक वाजलेला, एसी फुल्ल. टेंपरेचरचा काटा वर सरकताना दिसला. मी गुपचूप एसी बंद केला. काटा वरच. 'माथा आला की उतारावर गार होईल' असं स्वतःला समजावतेय, तेवढ्यात बॉनेटमधून वाफा आल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी थांब."

थांबले, तेच नशीब. काटा लाल खुणेवर असताना गाडी रेटली तर सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट जळतं आणि बिल सहज पाच आकड्यांच्या वरच्या टोकाला जातं. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही उघडायचं नसतं, उकळतं पाणी थेट अंगावर येतं. आई रस्त्याकडेला दगडावर बसली, डोक्यावर पदर. तिला डायबेटिस आहे. मुंजीत जेवायचंच आहे म्हणून सकाळपासून पोटात फक्त चहा-पोळी. तिचा हात थरथरायला लागला, तेव्हा बाबांनी मुंजीच्या आहेराचे पेढे फोडून तिला भरवले. मी बघत उभी होते. नऊशे रुपये.

टोइंग व्हॅन, नवा होज, तडा गेलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट मिळून १२,३००. रात्री घरी आल्यावर मी ओढण्यांखालची सगळी बिलं बाबांपुढे ठेवली.

ते ओरडले नाहीत. चष्मा लावला आणि पोस्टातल्यासारखे तीन गठ्ठे केले. पहिला टायर, बॅटरी, क्लचचा. "हे गाडीचं खाणं. कुठल्याही गाडीला लागतंच. ३५,२००." दुसरा सस्पेन्शन आणि एसीचा. "हे आधीच्या मालकाचं उधार. त्याने वेळेवर लक्ष दिलं नाही, ते तू फेडलंस. २५,९००." तिसऱ्या गठ्ठ्यात एकच कागद. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आणि हे तुझं."

थोड्या वेळाने म्हणाले, "पैसे नव्हते तर सांगायचंस की. गाडीचं काय, आणखी एक एफडी मोडली असती. तुझी आई तिथे पडली असती तर?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधीच्या मालकाला मी वर्षभर शिव्या घातल्या होत्या. तोसुद्धा एखाद्या गॅरेजमध्ये उभा राहून 'चालतंय ना' म्हणालाच असेल. त्याच्याही चेकला उशीर झाला असेल.

आता फंडा सोपा आहे. जुनी गाडी बघायला जाताना आपला मेकॅनिक सोबत न्यायचा आणि इंजिन थंड असतानाच पोहोचायचं. रेडिएटरमध्ये रंगीत कूलंटऐवजी गंजकं पाणी दिसलं, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, की नमस्कार करून निघायचं. किमतीच्या पाव हिस्सा रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायची. मी आता दर महिन्याला चार हजार 'गाडी' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकते. कमाई कमी असली तरी. आणि गाडीचं वय विसरायचं नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. नूतनीकरणाची फी २०२२च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, शिवाय महाराष्ट्रात ग्रीन टॅक्स वेगळा. माझ्या गाडीची ती तारीख २०२८ची आहे. तोवर ठेवायची, मग तिघांनी बसून ठरवायचं, असं आमचं ठरलंय.

मध्यंतरी खड्ड्यातून जाताना पुढून बारीकसा 'टक' आवाज आला. डेडलाइन होती, तरी गाडी थेट गॅरेजला नेली. लिंक रॉड, १,१००. तिथूनच बाबांना फोन करून रक्कम सांगितली. अगदी बरोबर रक्कम.

"पावती घे," बाबा म्हणाले.