थंड इंजिनाचा सौदा

जुनी गाडी विकायची ठरली की सल्ले देणारे खूप भेटतात. गाडी धुऊन पॉलिश करा, सीटना नवी कव्हरं घाला, टायर काळे करा. आमच्या ओळखीच्या एका दलालाने यात आणखी एक भर घातली: "गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन चालू करून ठेवा. गरम इंजिन कधी तक्रार करत नाही." डिझेल गाडीचं खरं वय रंगावरून कळत नाही, ते पहाटेच्या थंड इंजिनावरून कळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं.

आम्ही दोघंही शिक्षक, राहायला निफाडला. इथली जानेवारीतली थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. गाडी 13 वर्षं आमच्या घरी होती. मुलांच्या नानीकडे मालेगावला जायचं तर चांदवडच्या पुढचा राहुड घाट चढायचा, आणि ही गाडी तो तक्रार न करता चढायची, फक्त एसी बंद करावा लागे. आता मुलीच्या कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा होता, 1,15,000 रुपये. महिनाअखेरची मुदत होती. दलाल म्हणत होता, त्याच्या पद्धतीने दाखवली तर 1,20,000 सहज येतील.

आधी इंजिनाचं थोडं सांगतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 मध्ये आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं. आमच्या गाडीचं इंजिनही त्याच तत्त्वावर चालतं. पेट्रोल गाडीत ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलला तो नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते (आमच्यासारख्या जुन्या इंजिनात वीस पटींच्या आसपास) की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा आणि उष्णतेचा. इंजिनाचं लोखंडच गार असेल तर ते हवेची उष्णता खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर असतो. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर मारायचा. जानेवारीत आम्ही हे दोनदा करत असू.

ही झाली गाडीची सवय. दुसरी सवय अशी की टाकीतलं डिझेल अगदी तळाला गेलं की लाइन हवा पकडते आणि गाडी बंद पडते. मग बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा. माहीत असलं तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर टोचन लावून गाडी गॅरेजला न्यायची पाळी.

पण सवय वेगळी आणि ऐब वेगळा. आमच्या गाडीत ऐब दोन होते. एक, रिंगा झिजत आल्या होत्या. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल केलं की आतून धापा टाकल्यासारखी वाफ येई. गॅरेजवाले याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. दर हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल वर टाकावं लागे, आणि थंडीत सुरू होताना मिनिटभर पांढरा धूर येई. दुसरा, रेडिएटरचा पाइप फुटून इंजिन तापलं होतं तेव्हा हेड उघडावं लागलं होतं. त्याचं बिल आमच्या फाइलमध्ये होतं.

वाचकांनी धुराचा रंग लक्षात ठेवावा. सुरू होताना पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट न पेटता बाहेर पडतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, मग नोजल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि हा सर्वांत खर्चाचा.

आमच्या मिस्त्रीचाचांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "गाडी ठंडी दिखाव. बाद में जबान खराब नहीं होती." वर्गात आम्ही मुलांना धान्याच्या ढिगाची गोष्ट सांगतो. प्रेषितांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. ही गोष्ट शिकवायची आणि रविवारी इंजिन गरम करून ठेवायचं, हे आम्हाला जमणारं नव्हतं.

लासलगावकडचा एक तरुण शेतकरी वडिलांना घेऊन येणार होता. त्याला आम्ही सकाळी सातला बोलावलं. वडिलांनी आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गार आहे." मग पोराला गाडी सुरू करायला लावली. ती थरथरली, पांढरा धूर सोडला, मिनिटाने शांत झाली. आम्ही झाकण उघडून दाखवलं, हेडचं बिल दाखवलं, आणि डिझेल-ऑइलच्या नोंदींची वही पुढे केली. नोंदणीची 15 वर्षं संपायला दोनच वर्षं उरली आहेत, मग तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च येईल, हेही सांगितलं. "गुरुजी, विकायचीय ना?" असं म्हणत म्हातारे हसले. सौदा 1,02,000 ला तुटला. फीला कमी पडलेले 13,000 आम्ही भिशीतून उचलले. त्या महिन्यात घरी हात आखडता राहिला, हे खरं.

कागदपत्रांबाबत मात्र कुणाच्याही शब्दावर जाऊ नये. फॉर्म 29 आणि 30 कोरे ठेवून सह्या करू नका. तारीख आणि वेळ घालून पैसे मिळाल्याची पावती करा. विक्रीची माहिती 14 दिवसांत आरटीओला देणं कायद्याने विकणाऱ्यावर आहे. विमाही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. आरटीओच्या नोंदीत नाव आपलंच राहिलं तर अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्ही त्याच आठवड्यात अर्ज केला आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

ऐब सांगितला की किंमत उतरते, यात वाद नाही. पण घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळतं, ऑइलचा डबा तो पहिल्या दिवसापासून डिकीत ठेवतो आणि इंजिन चार वर्षं जास्त टिकतं. आणि लासलगावच्या बाजारात ती गाडी समोरून आली, तर आम्हाला मान वळवावी लागत नाही.