आबांची जड सायकल

दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि पुतण्यानं जुनं घर उतरवायला काढलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "नाना, माळ्यावर आबांची सायकल घावली. भंगारवाला दारात हाय. देऊ का?"

"हात लावू नको म्हणावं त्याला. आलोच मी."

आबा म्हणजे आमचे वडील. आमचं गाव घोडेगाव-मंचर रस्त्यापासून जरा आत. रोज पहाटे सायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून आबा मंचरला जायचे आणि येताना कॅरिअरला सरकी पेंडीचं पोतं बांधून आणायचे. आषाढ-श्रावणात परतताना पश्चिमेचा वारा तोंडावर. दारात आले की सायकल भिंतीला टेकवून म्हणायचे, "विलायती जनावर हाय, जड चालायचंच."

आबा आले की तीच सायकल घेऊन मी घोडेगावच्या हायस्कुलात जायचो. 1976 ला तिच्यावरच दहावी झालो. चढाला मांड्या भरून यायच्या. सोबतीची पोरं साध्या सायकलींवर मला मागं टाकून पुढं जायची. मला वाटायचं, आपल्याच पायात दम नाही.

1986 ला वाटणी झाली. बैलं, भांडीकुंडी, सगळं चिठ्ठ्या टाकून. सायकल दादाच्या चिठ्ठीत गेली. मी म्हणालो, "दादा, तेवढी मला दे. बदल्यात तांब्याचा बंब घे." दादा नुसता "नाही" म्हणाला. वर्षभरात त्यानं लुना घेतली आणि सायकल माळ्यावर गेली. वापरायची नव्हती तर मला का दिली नाही, हा राग मी धरून बसलो. बांधाला बांध असून आम्ही कामापुरतंच बोलायचो. त्यात चाळीस वर्षं सरत आली आणि दादा गेला.

शिडी लावून माळ्यावर चढलो. इतकी वर्षं मी समजत होतो की सायकल तिथं टाकून दिलीय. ती टाकलेली नव्हतीच. तुळईला दोन दोर बांधून उलटी टांगली होती. वरून गोणपाट गुंडाळलेलं. सोडून बघितलं तर नळ्यांना, रिमांना ग्रीसचा हात फिरवलेला. ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, पण खाली गंज नाही. बाजूला डालड्याचा डबा, त्यात चेन तेलात बुडवून ठेवलेली. तेल आटून काळा चिकटा झाला होता. मी तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. खालून पुतण्या हाका मारीत होता, "नाना, बरं हाय ना?"

जुन्नरला एक म्हातारा मिस्त्री आहे. टेम्पोत घालून सायकल त्याच्याकडं नेली. पुढचा बिल्ला केव्हाच पडला होता, नुसती रिबिटाची भोकं राहिलेली. मी म्हणालो, "आबा रॅले म्हणायचे." मिस्त्रीनं पॅडलापाशी रॉकेलचं फडकं फिरवलं. चेनव्हीलच्या नक्षीत लांब चोचीची तीन तोंडं दिसली. "बगळा हाय, म्हंजी रॅलेच," तो म्हणाला. पण रॅले दोन तऱ्हेची. एक इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची आणि दुसरी आपल्याकडं बंगालात, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात झालेली.

मग तो मागच्या चाकाकडं वळला. हब मुठीएवढा जाड. पॉलिश पेपरनं घासल्यावर अक्षरं उमटली. 'स्टर्मे-आर्चर', खाली 'एडब्ल्यू', 'इंग्लंड' आणि 54 हा आकडा. "चौपन्न सालचा हब. आन् तात्या, ही गिअरची सायकल हाय. तीन गिअर."

"काहीतरीच! आमच्या सायकलीला गिअर नव्हता."

त्यानं उजव्या बाजूचा नट दाखवला. मधोमध पोकळ. तिथून बोटभर बारीक साखळी बाहेर यायला हवी, तिला तार जोडायची आणि तार हँडलावरच्या खटक्याला. आमच्या सायकलीला साखळी, तार, खटका यातलं काहीच नव्हतं. आबांनी ती मंचरला जुनी घेतलेली, तेव्हाच गेलं असणार. मिस्त्री म्हणाला, "ह्या हबची खोड अशी की तार नसली की तो आपोआप तिसऱ्या गिअरवर राहतो. सगळ्यात जड. पॅडलाच्या एका फेऱ्याला चाक मधल्या गिअरपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त फिरतं. पहिला टाकला तर पाव हिश्शानं कमी. चढाला तो पहिला."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. दुधाच्या किटल्या, पेंडीचं पोतं, समोरचा वारा, आणि आबांनी सारी वर्षं सायकल तिसऱ्यावर ओढली. हलका गिअर त्याच हबात, त्यांच्या पायामागं वीतभर अंतरावर होता. सांगणारं कोणी भेटलं नाही.

दुरुस्तीला दोन महिने गेले. बी.बी.चा एक कप चिरला होता. बाजारातला नवा कप लागेना. साध्या सायकलीला इंचात 24 आटे असतात, रॅलेला 26. जोर केला असता तर नळीचे आटे गेले असते. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडून एका मोडक्या रॅलेचा कप मिळवला. गिअरची साखळी आणि खटकाही तिथंच घावला. छर्रे सगळे नवे, बी.बी.ला एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. हब रॉकेलनं धुऊन त्यात पातळ तेल सोडलं. त्यात ग्रीस भरायचं नसतं, आतले कुत्रे चिकटतात. 28 इंची टायर मात्र कुठंही मिळाले.

मिस्त्री म्हणाला, "रंग मारू का? नवी करून देतो." मी नको म्हणालो. किटल्यांच्या कड्या घासून कॅरिअरपाशी रंग उडालाय, तो तसाच राहू दिला.

सायकल घेऊन मी घोडेगावच्या रस्त्याला लागलो. चढाला आधी मुद्दाम तिसरा गिअर ठेवला. अर्ध्यात छाती भरली, उतरलो. मागं आलो, पहिला टाकला आणि बसल्या बसल्या चढ चढून गेलो. वर पोचल्यावर रस्त्याकडेला थांबलो. मला माझ्यापेक्षा आबांचं वाईट वाटत होतं. आणि दादाचं. त्यानं ती मला दिली नाही, पण सांभाळली. माळ्यावर एकदा जरी चढून बघितलं असतं तर माझा राग तिथंच सुटला असता. पण त्यासाठी दादाच्या उंबऱ्यात जावं लागलं असतं.

संध्याकाळी सायकल पुतण्याच्या दारात लावली. तो म्हणाला, "नाना, तुम्हीच ठेवा. एवढा खर्च केलात."

"वाटणीत तुझ्या बापाकडं आलीय ती. तुमचीच हाय."

त्याचा पोरगा सातवीत आहे. तो लगेच नळीवरून टांग टाकायला लागला. पाय पुरत नव्हते. हँडलाचा खटका बघून म्हणाला, "नाना, कितव्यावर टाकू?"

म्हटलं, "पयल्यावर टाक, बाळा."